फोनमधले लोकेशन कोणाकोणाला दिसते आणि ते कसे आवरायचे

फोनमधले लोकेशनचे बटण बंद केले की आपण कुठे आहोत हे कोणालाच कळत नाही, असा समज फार पक्का बसलेला आहे. तो अर्धाच खरा आहे. त्या एका बटणाने काही वाटा बंद होतात आणि काही तशाच उघड्या राहतात. सामान्य माणसाला ज्या वाटेने सर्वाधिक त्रास होऊ शकतो, ती तर बहुतेक वेळा एखाद्या परदेशी कंपनीकडे जात नाही. ती आपल्या घरात, कार्यालयात किंवा ओळखीत, म्हणजे ज्याच्या हाती आपला फोन कधीतरी पाच मिनिटे होता अशा माणसाकडे जाते. म्हणून या लेखात आधी माणसांचा विचार केला आहे, मग ॲपचा, मग गुगल किंवा ॲपलच्या खात्याचा, आणि त्यानंतर जाहिराती, फोटो व मोबाईल कंपनीचा. सेटिंग्जमधली नावे सॅमसंग, शाओमी, विवो अशा प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये थोडी वेगळी असतात. खाली दिलेले नाव सापडले नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'लोकेशन' किंवा 'प्रायव्हसी' टाइप करावे.

फोनला ठिकाण कळते कसे

जीपीएसचे उपग्रह फक्त संकेत पाठवतात. फोन ते ऐकतो आणि आपले ठिकाण स्वतःच मोजतो. खाली कोणता फोन आहे हे उपग्रहाला कळत नाही. जीपीएससारख्याच, भारताच्या 'नाविक' या उपग्रह प्रणालीचेही तसेच आहे. ठिकाण बाहेर जाते ते फोनमधल्या ॲपमुळे, आणि म्हणूनच ॲपला दिलेल्या परवानग्या इतक्या महत्त्वाच्या ठरतात. नागपुरात इतवारीच्या अरुंद गल्ल्यांत किंवा सीताबर्डीच्या एखाद्या मोठ्या दुकानात उपग्रहाचा संकेत नीट पोहोचत नाही, तेव्हा फोन आसपासच्या वायफाय राउटरचे क्रमांक ऐकतो आणि ते गुगल किंवा ॲपलच्या साठ्याशी ताडून ठिकाण काढतो. तिसरी वाट मोबाईल टॉवरची. चौथी वाट इंटरनेटच्या आयपी पत्त्याची; तिच्यावरून फार तर शहर कळते आणि पुष्कळदा तेही चुकते.

अचूकतेचा अंदाज आकड्यांवरून येतो. नागपूर साधारण २१.१५ अक्षांश आणि ७९.०९ रेखांशावर आहे. दशांश चिन्हापुढे असे दोन अंक असतील तर सुमारे एक किलोमीटरचा टापू कळतो, चार अंक असतील तर सुमारे अकरा मीटर आणि पाच असतील तर सुमारे एक मीटर. म्हणजे दोन अंकांत वस्ती कळते आणि चार अंकांत फाटक कळते. कोणाला किती अंक द्यायचे, हे ठरवणे आपल्या हाती आहे.

पहिली पायरी: कोणती माणसे आपल्याला पाहत आहेत

गुगल मॅप्स उघडून वरच्या कोपऱ्यातील आपल्या चित्रावर बोट ठेवावे आणि 'लोकेशन शेअरिंग' निवडावे. आपले ठिकाण ज्यांना दिसते त्यांची नावे तेथे येतात. येथे वेळेची मर्यादा न घालता, म्हणजे आपण स्वतः बंद करेपर्यंत, ठिकाण दाखवत राहण्याची सोय आहे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी एखाद्या सहलीसाठी सुरू केलेले शेअरिंग आजही चालू असू शकते. व्हॉट्सॲपमध्ये 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी', 'लाइव्ह लोकेशन' या क्रमाने गेल्यास चालू असलेली यादी दिसते. तेथे पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास एवढेच पर्याय आहेत आणि वेळ संपली की ते आपोआप थांबते. नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातून रात्री उशिरा मनीषनगरला परतणाऱ्या मुलीची घरच्यांना काळजी वाटणे स्वाभाविकच आहे. पण त्यासाठी तिचे चोवीस तासांचे ठिकाण मागण्यापेक्षा निघताना तिने स्वतः एका तासाचे लाइव्ह लोकेशन पाठवणे मला केव्हाही अधिक योग्य वाटते, कारण त्यात काळजीही घेतली जाते आणि विश्वासही टिकतो. आयफोनवर 'फाइंड माय' मधील 'पीपल' ही यादी पाहावी. २०२२ च्या आयओएस १६ पासून 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' मध्ये 'सेफ्टी चेक' नावाची सोय आहे. कोणाला काय काय दिसते हे तिच्यातून एकाच ठिकाणी पाहता आणि थांबवता येते.

यानंतर खाते तपासावे. आपल्याकडे नवा फोन घेतला की पुष्कळदा दुकानातला मुलगा, भाचा किंवा शेजारचा एखादा हुशार विद्यार्थी तो 'चालू करून देतो'. गुगलचे खाते तोच उघडतो, पासवर्ड तोच ठरवतो आणि खाते परत मिळवण्यासाठी लागणारा क्रमांकही स्वतःचाच टाकतो. त्याचा हेतू चांगला असतो, पण त्या खात्याचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याला दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून आपल्या फोनचे ठिकाण शोधता येते. म्हणून 'सेटिंग्ज', 'गुगल', 'मॅनेज युवर गुगल अकाउंट', 'सिक्युरिटी' येथे जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात: खाते कोणकोणत्या उपकरणांवर उघडे आहे, रिकव्हरी फोन कोणाचा आहे आणि रिकव्हरी ईमेल कोणाचा आहे. अनोळखी उपकरण बाहेर काढावे, क्रमांक व ईमेल स्वतःचे टाकावेत, त्यानंतर पासवर्ड बदलावा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डखेरीज दुसरी खात्री मागणारी सोय, सुरू करावी. हा क्रम पाळावा. आधी पासवर्ड बदलला आणि रिकव्हरी क्रमांक दुसऱ्याचाच राहिला, तर तो माणूस खाते पुन्हा ताब्यात घेऊ शकतो. व्हॉट्सॲपची 'लिंक्ड डिव्हाइसेस' ही यादीही याच वेळी पाहून घ्यावी.

तिसरी शक्यता फोनमध्ये लपवून ठेवलेल्या हेरगिरीच्या ॲपची. अशा ॲपचे चिन्ह पडद्यावर दिसेलच असे नाही, पण काम करण्यासाठी त्याला काही खास अधिकार लागतात आणि ते अधिकार लपत नाहीत. अँड्रॉइडवर 'ॲक्सेसिबिलिटी', 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स', 'नोटिफिकेशन ॲक्सेस' आणि 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' ही चार पाने एकेक करून उघडावीत. 'सिस्टिम सर्व्हिस' किंवा 'सिंक' यांसारखे मोघम नाव असलेले आणि आपण स्वतः न घेतलेले ॲप तेथे दिसल्यास त्याचा शोध घ्यावा. नंतर प्ले स्टोअरमध्ये 'प्ले प्रोटेक्ट' उघडून तपासणी करावी. ई-चलान, लग्नपत्रिका, शासकीय योजनेची यादी अशा नावांनी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या आणि शेवटी 'एपीके' ही अक्षरे असलेल्या, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या, फाइल मुळीच उघडू नयेत. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते, तिला ॲप लागत नाही.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. पाळत ठेवणारा माणूस हिंसक असेल, तर ॲप काढून टाकताच किंवा शेअरिंग थांबवताच ते त्याच्या लक्षात येते आणि धोका वाढतो. अशा वेळी आधी दुसऱ्याच्या, सुरक्षित फोनवरून विश्वासू नातेवाइकाशी किंवा १८१ या महिला हेल्पलाइनशी बोलावे, सेटिंग्जच्या पानांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवावेत आणि मगच पुढचे पाऊल टाकावे. तातडीचा धोका असेल तर ११२.

ॲपलच्या एअरटॅगसारखे, वस्तू कुठे आहे हे मालकाला कळवणारे नाण्याएवढे ट्रॅकर हा वेगळा प्रश्न आहे, कारण ते आपल्या फोनमध्ये नसतात. ते मोपेडच्या डिक्कीत, सीटच्या खाली किंवा पर्सच्या अस्तरात टाकता येतात. अनोळखी एअरटॅग सोबत फिरत असल्याची सूचना गुगलने जुलै २०२३ पासून अँड्रॉइडवर देण्यास सुरुवात केली आणि मे २०२४ मध्ये ॲपल व गुगल यांनी त्यासाठी सामाईक पद्धत लागू केली. 'सेटिंग्ज', 'सेफ्टी अँड इमर्जन्सी', 'अननोन ट्रॅकर अलर्ट्स' येथे ही सूचना चालू आहे याची खात्री करावी. शंका असल्यास तेथूनच स्वतः शोध घेता येतो. त्यासाठी गाडी आणि पिशवी जवळ ठेवावी.

दुसरी पायरी: ॲपच्या परवानग्या

या पायरीला अर्धा तास द्यावा. 'सेटिंग्ज', 'लोकेशन', 'ॲप परमिशन्स' उघडल्यावर ॲपचे गट दिसतात: नेहमी परवानगी असलेले, फक्त वापरताना असलेले, दर वेळी विचारणारे आणि नकार दिलेले. 'फक्त वापरताना' हा पर्याय २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये आला, एका वेळेपुरती परवानगी २०२० च्या अँड्रॉइड ११ मध्ये, आणि अचूक ठिकाणाऐवजी अंदाजे ठिकाण देण्याची सोय २०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये. आयफोनवर अचूकतेचे वेगळे बटण २०२० च्या आयओएस १४ पासून आहे. 'लोकेशन सर्व्हिसेस' मध्ये ॲपचे नाव उघडले की 'प्रिसाइज लोकेशन' खालीच दिसते.

सुरुवात 'नेहमी' या गटापासून करावी. फोन शोधून देणारी सोय, घरच्यांनी संमतीने घेतलेले सुरक्षा ॲप, फार तर व्यायामाचे घड्याळ, याखेरीज तेथे कोणाचेही काम नाही. बाकी सर्वांना 'वापरताना' या गटात आणावे. नंतर 'वापरताना' हा गट घ्यावा. कॅब, जेवण मागवण्याचे ॲप आणि नकाशा येथे शोभतात. बँकेची व पैसे पाठवण्याची काही ॲप लोकेशनशिवाय पुढेच जात नाहीत. त्यांनाही एवढीच परवानगी द्यावी. टॉर्च, कॅल्क्युलेटर, फोटो सजवणारी ॲप, खेळ आणि कीबोर्ड यांना नकार द्यावा. नकारामुळे खरेच काही अडले तर याच पानावरून परवानगी पुन्हा देता येते, त्यामुळे चुकून नकार दिला गेला तरी नुकसान होत नाही.

हवामानाचे ॲप हे अंदाजे ठिकाणाचे उत्तम उदाहरण आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास फिरू लागला की नागपुरात हे ॲप दिवसातून अनेकदा उघडले जाते, आणि प्रत्येक वेळी आपण घरी आहोत की बुटीबोरीला कामावर आहोत हे त्याला मीटरच्या हिशेबाने कळावे असे काहीच कारण नाही. अँड्रॉइडवर अंदाजे ठिकाण दिले की ॲपला सुमारे तीन चौरस किलोमीटरचा टापू कळतो. तापमानासाठी तो पुरेपूर आहे. त्याहून सोपे म्हणजे परवानगी नाकारून ॲपमध्ये 'नागपूर' हे नाव स्वतः टाकावे.

झटपट कर्ज देणाऱ्या ॲपविषयी विशेष सांगायला हवे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून घातलेल्या नियमांनुसार अशा ॲपने संपर्कयादी, कॉलची नोंद आणि फाइल यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक व लोकेशन यांची परवानगी केवळ खाते उघडण्यासाठी व केवायसीसाठी, ग्राहकाच्या स्पष्ट संमतीने, एकदाच मागता येते. म्हणजे नेहमीसाठी लोकेशन मागणारे किंवा संपर्कयादी उघडायला लावणारे कर्जाचे ॲप नियम मोडत आहे, एवढे ओळखून ते लगेच काढून टाकावे.

धावण्याच्या व सायकलच्या ॲपकडेही दुर्लक्ष करू नये. स्ट्राव्हा या ॲपने प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशातून जानेवारी २०१८ मध्ये अनेक देशांच्या लष्करी तळांमधले रस्ते उघड झाले, कारण तेथले सैनिक धावताना आपली नोंद ठेवत होते. नागपुरात वायुसेनानगर आहे, शेजारी कामठीची छावणी आहे, त्यामुळे हा धडा आपल्यासाठी दूरचा नाही. फुटाळा, अंबाझरी किंवा सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर रोज ठरलेल्या वेळी धावणाऱ्या स्त्रीची नोंद सर्वांना दिसत असेल, तर तिची वेळ, वाट आणि घर तिन्ही गोष्टी उघड असतात. नोंद 'फक्त मला' एवढ्यापुरती ठेवावी, आणि मित्रांना दाखवायचीच असेल तर सुरुवातीचा व शेवटचा भाग लपवण्याची सोय वापरावी.

परवानग्या दिल्यानंतर त्यांचा वापर कसा होतो हे 'प्रायव्हसी डॅशबोर्ड' मध्ये पाहावे. ही सोय अँड्रॉइड १२ पासून आहे. त्यात लोकेशनवर बोट ठेवले की गेल्या चोवीस तासांत कोणत्या ॲपने किती वाजता ठिकाण पाहिले याची वेळवार यादी येते. आपण झोपलेले असताना, पहाटे तीनच्या सुमारास एखाद्या खरेदीच्या ॲपचे नाव त्या यादीत दिसले, तर त्या ॲपचा निर्णय तेथेच घ्यावा. वेबसाइटना दिलेली परवानगी मात्र वेगळी असते: क्रोममध्ये 'साइट सेटिंग्ज', 'लोकेशन' उघडून नको असलेली नावे काढावीत. अनोळखी क्रमांकावरून आलेली लिंक उघडताच लोकेशनची परवानगी मागितली गेली, तर नकार द्यावा.

तिसरी पायरी: गुगल आणि ॲपलच्या खात्यातली नोंद

गुगलकडे ठिकाणाची नोंद दोन वेगळ्या ठिकाणी होऊ शकते आणि बहुतेकांना त्यातले एकच माहीत असते. पहिले म्हणजे 'टाइमलाइन', जिला पूर्वी लोकेशन हिस्टरी म्हणत. दुसरे म्हणजे 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी'. पहिले बंद केले तरी दुसऱ्यात ठिकाण साठत राहते, हे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१८ मध्ये उघड केले. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये गुगलने अमेरिकेतील ४० राज्यांशी ३९.१५ कोटी डॉलरची तडजोड केली. म्हणून दोन्ही तपासावेत. मॅप्समध्ये आपल्या चित्रावर बोट ठेवून 'युवर टाइमलाइन' उघडावे आणि नोंद बंद करावी किंवा तीन महिन्यांनी आपोआप पुसली जाईल असे ठरवावे. टाइमलाइन खात्याऐवजी फोनमध्येच साठवण्याचा निर्णय गुगलने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. बदल चांगला आहे, पण त्यामुळे फोन हाती लागणाऱ्या माणसापासून संरक्षण मिळत नाही, हे लक्षात ठेवावे. त्यानंतर खात्याच्या 'डेटा अँड प्रायव्हसी' मध्ये 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' उघडून तीच कृती करावी.

आयफोनवर 'लोकेशन सर्व्हिसेस', 'सिस्टिम सर्व्हिसेस', 'सिग्निफिकंट लोकेशन्स' येथे जाऊन नोंद पुसावी व बंद करावी. अँड्रॉइडवर आणखी एक जागा आहे: 'लोकेशन सर्व्हिसेस' मधील 'वायफाय स्कॅनिंग' आणि 'ब्लूटूथ स्कॅनिंग'. वरची पट्टी ओढून वायफाय बंद केले तरी ही दोन बटणे चालू असल्यास फोन आसपासचे राउटर ऐकतच राहतो. ती बंद करावीत; मोकळ्या जागी नकाशाच्या कामात फारसा फरक पडत नाही.

जाहिराती आणि फोटो

प्रत्येक फोनला जाहिरातींसाठी एक ओळखक्रमांक असतो. वेगवेगळ्या ॲपमधून गोळा झालेली ठिकाणे या एकाच क्रमांकाखाली जोडली जातात आणि माहितीच्या दलालांना विकली जातात. रात्री फोन जेथे असतो ते घर आणि दिवसा असतो ते कामाचे ठिकाण, एवढे कळले की नाव शोधणे अवघड राहत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२४ मध्ये एक्स-मोड या दलाल कंपनीला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली, ती याच धंद्यामुळे. अँड्रॉइडवर 'प्रायव्हसी', 'ॲड्स', 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी' हे करावे. आयफोनवर 'ट्रॅकिंग' मधील 'अलाऊ ॲप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक' बंद करावे.

कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये 'लोकेशन टॅग' चालू असेल तर प्रत्येक फोटोत अक्षांश-रेखांश चार-पाच दशांशांपर्यंत लिहिले जातात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास ही माहिती गळून जाते, पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवल्यास सोबत जाते. जुनी स्कूटर विकण्यासाठी अंगणात काढलेला मूळ फोटो ईमेलने पाठवला की घराचा पत्ता न सांगताही पोहोचतो. टॅग बंद ठेवावा.

जे थांबवता येत नाही

सिम चालू आहे तोवर फोन कोणत्या टॉवरला जोडला आहे हे मोबाईल कंपनीला कळणारच. त्याशिवाय कॉल पोहोचू शकत नाही. परवान्याच्या अटींत डिसेंबर २०२१ मध्ये झालेल्या बदलानुसार कंपन्यांना कॉल आणि इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात. तपास यंत्रणांना त्या कायदेशीर मार्गाने मिळतात, खासगी व्यक्तीला नाही. 'मोबाईल क्रमांक द्या, लोकेशन सांगतो' अशा जाहिराती त्यामुळे फसव्या असतात. तेथे आपलेच पैसे किंवा आपलीच माहिती जाते. व्हीपीएनने, म्हणजे आपले इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सोयीने, फक्त आयपी पत्ता झाकला जातो, जीपीएस नाही.

कायद्याचा आधार

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने दिला. पुढे सरन्यायाधीश झालेले नागपूरचे शरद बोबडे त्या पीठात होते. ८ जुलै २०२४ रोजी फ्रँक व्हायटस प्रकरणात न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की, जामिनावर सुटलेल्या आरोपीने तपास अधिकाऱ्याला गुगल मॅप्सची पिन देत राहावे, अशी अटही घालता येत नाही. आरोपीच्या बाबतीत जे न्यायालयाला मान्य नाही, ते पत्नीच्या, मुलीच्या किंवा कर्मचाऱ्याच्या बाबतीत घरात किंवा कार्यालयात सहज मागितले जावे, हे मला गंभीर वाटते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार पुरुषाने स्त्रीचा वारंवार पाठलाग करणे किंवा तिच्या इंटरनेट, ईमेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणे हा गुन्हा ठरतो; पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर किंवा कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन करावा. तक्रारीआधी फोन रीसेट करू नये, कारण पुरावा त्यातच असतो.

काय चालू ठेवावे

अँड्रॉइडवरील 'फाइंड हब', ज्याला पूर्वी फाइंड माय डिव्हाइस म्हणत, आणि आयफोनवरील 'फाइंड माय आयफोन' चालूच ठेवावे. सीताबर्डीच्या गर्दीत फोन गेला तर तो कुलूपबंद करण्याची किंवा त्यातली माहिती पुसण्याची ती सर्वांत जलद वाट आहे. त्यासोबत फोनवर *#०६# टाइप करून दिसणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळखक्रमांक, घरातल्या वहीत लिहून ठेवावा. फोन चोरीला गेल्यावर पोलिसांत तक्रार नोंदवून, सिमचा दुसरा नग घेऊन, संचार साथी या शासकीय संकेतस्थळावर तो क्रमांक दिला की फोन देशभरातील सर्व नेटवर्कवर बंद करता येतो. जुना फोन विकताना मात्र उलट क्रम: आधी त्यातून आपले खाते बाहेर काढावे, मग फॅक्टरी रीसेट करावे, आणि दुकानातून निघण्यापूर्वी आपल्या नव्या फोनवर खात्याच्या उपकरणांची यादी उघडून जुन्याचे नाव तेथून गेले आहे हे पाहून घ्यावे.